पालथा डफ

इश्वर शाहीर मेला तेव्हा भय्याजी ढसाढसा रडला. खोटं नाही, खरंच रडला. तिरडीला खांदा द्यायलाही सगळ्यांच्या पुढे तोच होता. पण खरं बोलायचं तर त्या रडण्यात एक कोपरा कोरडाच राहिला होता, आणि त्या कोपऱ्यात बसून भय्याजीचं मन म्हणत होतं, सुटलो रे बाप्पा! आता आंधळगावच्या मंडईत पयला कोण, हे कोणाला विचारायची गरज राहिली नाही.

इश्वर आंधळगावचा, तुऱ्यावाला. भय्याजी वैनगंगेच्या काठच्या कारध्याचा, कलगीवाला. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, आणि आंधळगावच्या मंडईत उभ्यानं गायची खडी गंमत झाली नाही तर जिलेबीवाल्याची कढईसुद्धा तापत नाही. एका बाजूला तुरा, दुसऱ्या बाजूला कलगी, असे शाहिरांचे दोन पंथ. समोरासमोर उभं राहून एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा. याला दुय्यम म्हणतात. जो हरला त्यानं आपला डफ जमिनीवर पालथा ठेवायचा. त्या वर्षापुरतं त्याचं तोंड बंद.

दुय्यमचा एक कायदा मात्र भारी कडक. समोरच्याची टर उडवा, त्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवा, काहीही करा, पण त्यानं बांधलेलं कडवं आपल्या तोंडात घ्यायचं नाही. घेतलं की हरला. स्वतःच्या कोठीतलं धान संपलं म्हणून शेजाऱ्याच्या कोठीत हात घातला, असा त्याचा अर्थ. साकोलीकडचा एक चांगला नावाजलेला शाहीर गमती गमतीत समोरच्याची एक ओळ म्हणून बसला, तर म्हाताऱ्यांनी त्याला भर मंडईत डफ पालथा घालायला लावून बसमध्ये बसवून दिलं होतं.

आता दरवर्षी डफ कोण पालथा घालायचा, हे काय सांगायला पाहिजे? भय्याजी. कधी बरोबरी झाली तर झाली, पण जिंकला एकदाही नाही. गळा त्याचा इश्वरपेक्षा गोड, हे इश्वरचे लोकही कबूल करायचे. पण इश्वर सवाल ऐकता ऐकता जवाब बांधायचा, आणि जवाबात असा चिमटा काढायचा की मंडईभर हशा. भय्याजीला तोच जवाब परतीच्या वाटेवर सुचायचा. आणि मग घरी येऊन ताटावरून उठणं, बायकोवर, बेबीबाईवर, खेकसणं, आणि "त्याच्यात काय ठेवलं हाये?" असं भिंतीला विचारणं.

एकच गोष्ट भय्याजीजवळ अशी होती की तिच्यावर इश्वरचंही तोंड बंद व्हायचं. रोवणारीनीचं कडवं.

*कंबर वाकली, पाणी पिंढरीभर, दम घेवाले सवड नाही,*
*मांगं मांगं सरे रोवणारीन, पुढं हिरवं रान डोलत येई.*

बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवताना बाया मागे मागे सरकतात आणि रोवलेलं समोर राहतं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. पण गाण्यात धरलं ते भय्याजीनंच. हे कडवं म्हटलं की बाया डोळ्याला पदर लावायच्या. फक्त एक बेबीबाई, जी स्वतः रोवण्यावर जायची, ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "सारं बेस हाये. पण रोवल्या रोवल्या धान डोलते कुठी? ते तं मान टाकून पडते."

भय्याजी तिच्यावर उखडला, दोन दिवस बोलला नाही. पण ती खरं बोलली हे त्याला कळत होतं. 'डोलत' शब्द खोटा होता. आणि दुसरा काही केल्या मिळत नव्हता. मिळाला असता तर बदलला नसता का? आयुष्यभर तो एक शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखा त्याला टोचत राहिला.

तर इश्वर गेला. पुढच्या मंडईत भय्याजी एकटाच उभा राहिला. म्हणणारा तोच, सवाल त्याचा, जवाबही त्याचाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बोलता बोलता शेंगदाणे खात वाजवल्या. हरकत नाही, भय्याजी म्हणाला. पयला तो पयला.

अशी बरीच वर्षं गेली, आणि मग एके दिवशी इश्वरची नात तृप्ती कारध्याला त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. पोरगी कम्प्युटरचं शिकलेली, पुण्यात नोकरीला.

"जयभीम, आबाजी."

"जयभीम माय. ये, बस. लीलाबाई बरी हाये ना?" लीलाबाई म्हणजे इश्वरची बायको.

"बरी हाये आजी. आबाजी, तुमाले एक गोष्ट ऐकवाची होती." तिनं मोबाईल काढला. "आमच्या आबाजीच्या कॅसेटा होत्या ना, पेटीभर? त्या साऱ्या मी कम्प्युटरले शिकवल्या. एआय म्हणतेत त्याले. आता ते मशीन आबाजीसारखं नवीन गाणं बांधते अन् त्याइच्याच आवाजात म्हणते."

"म्हणजे जुनंच वाजवते?"

"नाई ना. नवीन. तुमी सवाल टाकला तं जवाब बी देते."

तिनं बोट लावलं आणि भय्याजीच्या अंगणात इश्वर बोलला. तोच खरबरीत गळा, ओळ संपताना तोच नाकातला हेल.

*बोट फिरे गा काचेवरती, चुलीवरचा भात करपला,*
*धनी इचारे भाजी कोठं, मोबाईलमंदी जीव अडकला.*

आधी भय्याजीच्या अंगावर काटा आला. क्षणभर वाटलं, आला का रे परत? मग ध्यानात आलं. इश्वर जिवंत असताना गावात एवढे मोबाईल नव्हते. म्हणजे मेल्यावर बांधलं याने! जिवंतपणी पुढे होता तो होता, आता सरणावरून उठून पुढे चाललाय. माणसानं मेल्यावर तरी थांबावं की नाही? काही लाजलज्जा?

"बेस हाये," भय्याजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच कडू लागला.

"तुमचाही आवाज घेऊ द्या ना, आबाजी. सारी कला जाऊन राहिली. कॅसेटाइत तुमी हाच, पण समोरच्या बाजूले, दुरून. तुमचा आवाज मी कापून बाजूले टाकला, नाई तं मशीनचा घोळ होते. तुमचं एखादं कडवं राहून गेलं असन तं सांगता नाई येत."

कापून बाजूले टाकला! आयुष्यभर समोर उभा राहिलो, आणि ही पोट्टी म्हणते कापून टाकला. आणि आधी कोणाकडे गेली? इश्वरकडे. तो तिचा सख्खा आजा आहे, तिनं नाही तर कोणी जायचं, हा विचार भय्याजीला शिवला नाही असं नाही. शिवला आणि निघून गेला.

"माहा आवाज नाई देत मी," तो म्हणाला. "लोणचं तोडलेल्या कैरीचं घालतेत, बाई. मी अजून झाडालेच आहो."

तृप्ती चहा पिऊन गेली. बेबीबाई तिला फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरगी गुणाची हाये. तुमच्या पोटात दुखून राहिलं, दुसरं काई नाई."  

मग ते गाणं साथीसारखं पसरलं. चहाच्या टपरीवर इश्वर. रोवण्याहून येणाऱ्या बायांच्या ट्रॅक्टरवर इश्वर. दर पंधरवड्याला नवीन गाणं: पिकावर, निवडणुकीवर, गावात आलेल्या वाघावर. पेपरात फोटो आला. माणूस मेलेला, फोटो पहिल्या पानावर, फेट्यासकट! अंकुश भय्याजीचा ढोलकीवाला, त्याच्याच मीठभाकरीवर मोठा झालेला. तोही एक दिवस कानात वायर घालून मांडीवर ताल धरताना सापडला.

"काय ऐकून राहिला?"

"काई नाई, असंच जी." आणि अंकुशनं मोबाईल असा लपवला की जणू बिडी ओढताना धरला.

पण खरी मिरची झोंबली ती घरात. दुपारी भय्याजी पडवीत लवंडला होता. आत बेबीबाई सुपात तांदूळ पाखडत होती, आणि पाखडता पाखडता गुणगुणत होती. *बोट फिरे गा काचेवरती...* चाळीस वर्षं संसार केला, भय्याजीचं एक गाणं कधी तिच्या तोंडी आलं नव्हतं. रोवणारीनीचं सोडा, साधा गणसुद्धा नाही.

"अवो!" भय्याजी ओरडला. "घरात दुसरं गाणं नाई काय?"

बेबीबाई सूप घेऊन दारात आली. "तोंडात बसलं ते बसलं. तुमी कायले जळून राहिले? मेलेल्या माणसावर बी जळतेत काय कोणी?"

"मी जळतो? मी? त्याच्यावर?" भय्याजीनं धोतर झटकलं आणि चप्पल उलटी घालून नदीकडे निघाला. जळत होता तो. आतून बाहेरून, पेंढीसारखा जळत होता. पुलाच्या कठड्याला टेकून त्यानं पाण्याला इश्वरबद्दल असं काही सांगितलं की इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याच पंधरवड्यात आंधळगावच्या मंडई कमिटीचा अध्यक्ष धनंजय भेटायला आला. "भय्याजी, औंदा दुय्यम ठेवाचा विचार हाये. कलगीकडून तुमी. अन् तुऱ्याकडून..." तो जरा चाचरला. "तुऱ्याकडून इश्वर. म्हणजे तृप्तीचं मशीन. तुमाले वाईट वाटन तं राहू द्या."

बेबीबाईला वाटलं, आता हा काठीच उचलतो. पण भय्याजीच्या डोक्यात पोरीचं एक वाक्य घुमत होतं. 'तुमचं एखादं कडवं राहून गेलं असन.' कॅसेटा कशाच्या? दुय्यमच्या. त्यात तोही आणि मीही. मशीन सगळं एकत्र गिळून बसलेलं. त्याला दुय्यमचा कायदा कोणी शिकवला आहे काय? कोणाचं कडवं कोणाचं, हे त्या डब्याला काय कळते? बरोबर सवाल टाकला, तर तो डबा माझंच कडवं काढून माझ्याच समोर म्हणेल. आणि मग इश्वर हरला! सगळ्या मंडईदेखत, त्याच्या स्वतःच्या आवाजात!

"येतो मी," भय्याजी म्हणाला. "जित्तेपणी नाई हरवला तं आता हरवतो."

मंडईचा दिवस उजाडला. आंधळगावच्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, झुले, फुगे, भज्यांचा वास, बांगडीवाल्यांसमोर बायांची झुंबड. मधोमध ताडपत्री टाकून जागा केलेली. भय्याजी आपल्या बाजूला फेटा बांधून उभा राहिला, मागे ओळ उचलून झील धरणारे दोघं, अंकुशची ढोलकी. आणि समोर? समोर लाकडी खुर्ची. खुर्चीवर काळा स्पीकर, आणि स्पीकरला इश्वरचा लाल फेटा बांधलेला, तुरा खोचलेला! शेजारी इश्वरचा डफ टेकवून ठेवलेला. तृप्ती खाली लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तिच्याजवळ लीलाबाई पांढऱ्या पातळात, डफावर एक हात ठेवून.

फेटा पाहूनच भय्याजीच्या मस्तकाची शीर उडाली. डब्याला फेटा बांधला. मी उद्या मेलो तर माझा फेटा कोणाला बांधतील? कोणालाच नाही. बेबीबाई त्यात लसूण वाळवील.

गण झाला. भय्याजीनं पहिला सवाल टाकला.

*एका बांधीत जल्मली पोर, दुसऱ्या बांधीत नांदाले गेली,*
*कुटली, कांडली, तरी हासली, सांग तुऱ्या ते कोणाची झाली?*

तृप्तीनं काही बटणं दाबली. फेटा बांधलेला स्पीकर घसा खाकरल्यासारखा खरखरला. आणि जवाब आला, तोच हेल, तोच चिमटा.

*धानाची पोर ते, भय्याजी गड्या, रोज तुझ्या ताटात आली,*
*रोज खातो अन् वळखत नाई, शाहिराची या मती कुठी गेली?*

मंडई खदखदून हसली. म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले, "इश्वर तो इश्वर!" भय्याजीचे कान तापले. तोच हशा, तोच. इतक्या वर्षांनी तोच. आणि बाजूला पाहतो तर अंकुशही ढोलकीवर मान खाली घालून हसतो आहे.

दुसऱ्या सवालालाही जवाब आला, त्यातही भय्याजीच्या टकलावर एक ओळ निघाली. आता उशीर करायचा नाही. भय्याजीनं डफ छातीशी घेतला आणि मनातला सवाल काढला.

*मांगं मांगं सरते तरी पुढं पुढं काम जाते,*
*कोण हाये ते सांग तुऱ्या, नाई तं डफ पालथा होते.*

हाच सवाल त्यानं एकदा जिवंत इश्वरलाही टाकला होता, मुद्दाम, कोंडीत पकडायला. याचा सगळ्यात सुंदर जवाब म्हणजे रोवणारीन, आणि रोवणारीन भय्याजीची. पण इश्वर हसला होता आणि त्यानं अंबाडीची दोरी वळणाऱ्याला आणून उभा केला होता, जो मागे मागे जातो तशी दोरी लांब होते. तेव्हाही भय्याजीचाच डफ पालथा झाला.

आता त्याचा जीव कानात आला होता. दोरीवाला येतो की काय? स्पीकर खरखरला. आणि इश्वर म्हणाला:

*कंबर वाकली, पाणी पिंढरीभर, दम घेवाले सवड नाही...*

 फसला! फसला रे फसला!

*मांगं मांगं सरे रोवणारीन, पुढं हिरवं रान चालत येई.*

 मग म्हाताऱ्यांमध्ये एकच गलका उठला. "हरला! इश्वर हरला! तुऱ्यानं कलगीचं कडवं खाल्लं!" कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी टोप्या उडवल्या. अंकुशनं ढोलकीवर अशी थाप मारली की पोरं दचकली. तृप्ती गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागली. तिला काय झालं तेच कळलं नव्हतं. धनंजय जिंकणाऱ्याचा नवा फेटा हातात घेऊन उठला. आणि लीलाबाईनं, कोणी सांगायची वाट न पाहता, नवऱ्याचा डफ दोन्ही हातांनी उचलला आणि ताडपत्रीवर पालथा ठेवला. हलकेच ठेवला, निजलेल्या लेकराला ठेवतात तसा.

भय्याजी जिंकला होता. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. त्याचं तोंड हसायला उघडलं, पण हसू बाहेर आलं नाही. कानात एक शब्द अडकला होता.

चालत.

डोलत नाही. चालत येई. बाई मागे मागे सरकते आणि हिरवं रान समोरून तिच्याकडे चालत येते. मान टाकलेलं असो की काही असो, चालत येतेच. अरे, हाच तो शब्द! इतका साधा! इतका समोर! एवढी वर्षं रोज शेतात दिसत होता, आणि आपण वेड्यासारखे 'डोलत' म्हणत बसलो.

धनंजयनं पुढे केलेला फेटा हातानं बाजूला सारून तो तृप्तीजवळ जाऊन उकिडवा बसला.

"पोरी, हे कडवं मशीनले कुठून भेटलं?"

"आबाजी, माफ करा, मले माहीत नव्हतं तुमचं हाये म्हणून." तिचे डोळे भरले होते. "आमच्या आबाजीच्या आवाजात होतं म्हणून मी त्याइचंच समजली. तुमचा आवाज मी कापला, पण हे तं..."

"ते जाऊ दे. तो शब्द. 'चालत'. तो मशीननं लावला काय?"

"नाई, कॅसेटमंदीच असन. थांबा." तिनं बोटं फिरवली, मोबाईलची वायर भय्याजीच्या कानात घातली. "हे घरची कॅसेट हाये. दुय्यमची नाई."

आधी खोकला. तो इश्वरचाच खोकला. मग हळू आवाजात, कोणी ऐकू नये असा, तो भय्याजीचं कडवं म्हणत होता. एकदा म्हटलं. परत म्हटलं. 'डोलत' आलं की थांबायचा. "हट्! रोवल्या रोवल्या धान डोलते काय? ... झुलत येई. हट्. ... धावत येई. धावते कायले, मागं बैल लागले?" मग बराच वेळ फक्त बोटांचा ताल. आणि एकदम, "चालत! चालत येई!" आणि इश्वर स्वतःशीच हसला.

दुरून लीलाबाईचा आवाज आला, तरणा. "कोणाचं म्हणून राहिले?"

"भय्याचं."

"माय वो! त्याचं काहून म्हणता? तोंडात बसन अन् एखाद दिवशी मंडईत निघन."

"काय करू मंग? असं मले एकदा बी जमलं नाई. सारी रात डोळ्याले डोळा लागत नाई, का हे त्याले कसं सुचलं? एक शब्द खोटा होता. तो मले सापडला पाहाय."

"मंग सांगा ना त्याले. खुश होईन तो."

 इश्वर म्हणाला, "सांगीन तं मंग हरवन ना तो मले."

टेप संपली. भय्याजीनं वायर कानातून काढली नाही. तसाच बसून राहिला. मंडई गजबजत होती, झुल्यावरची पोरं किंचाळत होती. साला! याला सापडला होता शब्द, खिशात घालून फिरत होता, दर मंडईत माझ्यासमोर उभा राहून हसत होता आणि बोलला नाही! भय्याजीला आधी भयंकर राग आला. आणि रागाच्या मागोमाग असं काही आलं की त्याची त्यालाच लाज वाटली. इश्वरची रात्रीची झोप जात होती. त्याच्यापायी. कारध्याच्या भय्यापायी! भय्याजीला वाटलं उठून नाचावं, आणि वाटलं की हा मुडदा आत्ता उठून आला तर याला आधी दोन ठेवून द्याव्या आणि मग पोटाशी धरावं.

त्यानं वर पाहिलं. लीलाबाई त्याच्याकडेच पाहत होती. कानातली वायर पाहूनच तिनं ओळखलं होतं.

"मी म्हणलं होतं त्याइले, सांगा म्हणून," ती म्हणाली. "नाई ऐकलं."

"मी बी नसतं सांगतलं, वहिनी," भय्याजी म्हणाला.

तो उठला. धनंजय परत फेटा घेऊन पुढे झाला, लोक "बांधा, बांधा!" म्हणून ओरडायला लागले. भय्याजीनं हात वर केला. ढोलकी थांबली.

"कडवं माहं हाये," तो म्हणाला. "आता मी म्हणतो. ऐका."

अंकुशनं हलका ठेका धरला. भय्याजीनं डोळे मिटले. गळा म्हातारा झाला होता, पण गोडी होती ती होतीच. पहिली ओळ म्हणाला. बायांच्या बाजूला बेबीबाई पदर सावरून उभी राहिली. दुसरी ओळ आली. *मांगं मांगं सरे रोवणारीन...* आता दोनच वाटा होत्या. 'डोलत' म्हटलं की फेटा डोक्यावर. सगळं आयुष्य ज्यासाठी जळलो तो फेटा. भय्याजीला तो हवा होता. देवाशपथ, फार हवा होता.

*...पुढं हिरवं रान चालत येई.*

झील धरणाऱ्यांनी सवयीनं 'डोलत' धरलं आणि दोघंही गडबडून थांबले. म्हाताऱ्यांमधून कोणीतरी हळूच म्हणालं, "भय्या, हा शब्द तं त्याचा."

"हव," भय्याजी म्हणाला. "त्याचाच."

आणि तो वाकला. आपला डफ इश्वरच्या डफाला लागून पालथा ठेवला. त्या मंडईत कोणी जिंकलं नाही. धनंजयला फेट्याचं काय करायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बायांच्या बाजूला मात्र बेबीबाईनं डोळ्याला पदर लावला होता, आणि ओठ हलत होते. भय्याजीनं नीट पाहून घेतलं. 'बोट फिरे' नव्हतं ते.

लोक भज्यांकडे पांगले तेव्हा तृप्ती वायरी गुंडाळत होती. भय्याजी तिच्याजवळ येऊन उभा राहिला, स्पीकरवरच्या लाल फेट्याकडे पाहत.

"उद्या कारध्याले ये," तो म्हणाला. "मले बी घाल त्या मशीनीत."

"खरंच, आबाजी?"

"मंग काय करू? उद्या मी मेलो तं हा दर मंडईत एकटाच म्हणन अन् एकटाच जिंकन. त्याच्यासमोर कोणी उभं नको राहाले?"

तृप्ती हसली, डोळे पुसले. "पयले कोणतं कडवं घेऊ?"

"रोवणारीनीचं. 'चालत'च घे. पण नाव माहं लागन." तो जरा घुटमळला, आजूबाजूला कोणी ऐकत नाही हे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला. "अन् एक नवा सवाल सुचला हाये मले आत्ताच. लय बेस हाये. तो माह्या मशीनीत घाल. पण त्याच्या मशीनले सांगू नको."

"काहून, आबाजी?"

"सांगतलं तं जिंकन ना साला."